शिट्टीनंतरचा सामना

२५ ऑक्टोबर २०१७ची रात्र. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचा उपांत्य सामना रंगात आला होता. एका बाजूला स्पेन, दुसऱ्या बाजूला माली. एबेल रुइझच्या दोन गोलांच्या जोरावर स्पेन मध्यंतराला २-० असा पुढे होता. उत्तरार्धात मालीने जोर लावला. तासाभराचा खेळ झाला आणि मालीच्या शेख उमर दुकुरेने लांबून एक सणसणीत फटका हाणला. चेंडू आडव्या दांड्याच्या खालच्या अंगाला आदळला, खाली गोलरेषेच्या आत टप्पा पडला आणि तिथून उसळून मैदानात परत आला. मालीच्या पोरांनी हात वर केले. रेफ्रीने खेळ चालू ठेवला.

टीव्हीवर तोच क्षण पुन्हा दाखवला गेला, तेव्हा चेंडू रेषेपलीकडे गेलेला दिसत होता. पण मैदानावरचा निकाल तोवर लागून गेला होता. पुढे फेरान तोरेसने स्पेनचा तिसरा गोल केला, लसाना एनडियायेने मालीसाठी एक फेडला आणि सामना ३-१ असा संपला. स्पेन अंतिम फेरीत गेला, माली तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीकडे.

हे घडले ते पनवेलजवळच्या कोन गावापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर. कोनहून निघायचे, पळस्पे फाटा, पनवेल आणि कळंबोली ओलांडून सायन-पनवेल महामार्गाला लागायचे, की नेरुळचे ते स्टेडियम येते. जागतिक फुटबॉलमधला ‘न दिलेला गोल’ हा मोठा वादविषय पनवेलकरांच्या एवढ्या दारात येऊन गेला आहे. मुंबईतल्या गिरणी कामगारांसाठी २०१६ साली ज्या घरांची सोडत निघाली, ती घरेही याच कोनमधली. आणि गिरण्यांचे फुटबॉलशी जुने नाते: एके काळी मफतलालसारख्या गिरणीचा संघ मुंबईत कूपरेजच्या मैदानावर उतरत असे. फुटबॉलचे वेड या पट्ट्याला नवे नाही. आणि जिथे फुटबॉलचे वेड असते, तिथे हरल्यानंतर एक वाक्य हमखास ऐकू येते: “रेफ्रीने मॅच घालवली.”

शेवटची शिट्टी वाजली की मैदानावरचा सामना संपतो आणि चाहत्यांचा सुरू होतो. कोन फाट्यावर असो, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत असो की मडगावच्या बाजारात, त्याचे नियम सारखेच असतात. कोणी ऑफसाईडची रेघ बोटाने टेबलावर आखतो, कोणी मोबाईलवर तोच तुकडा दहा वेळा थांबवून दाखवतो, कोणी “सगळं मॅनेज होतं” म्हणून मोकळा होतो. या वादाला रिकामटेकड्यांची बडबड समजून हसण्यावारी नेण्याची पद्धत आहे. मला ती मान्य नाही. हरलेल्यांच्या तक्रारीने फुटबॉलचे नियम घडवले आहेत आणि हरलेल्यांच्या रागाने फुटबॉलची माणसे मोडलीही आहेत. तक्रार आणि राग यांत फरक कसा करायचा, ते या प्रकरणात पाहू.

रेषेवरचा चेंडू

आधी गोलरेषेपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात सोपा वाटणारा प्रश्न तिथलाच आहे. चेंडू आत गेला की नाही?

नियम असा आहे: चेंडूचा संपूर्ण भाग संपूर्ण रेषेच्या पलीकडे गेला तरच गोल. मग तो जमिनीवर असो वा हवेत. चेंडूचा परीघ ६८ ते ७० सेंटिमीटर असतो, म्हणजे व्यास साधारण २२ सेंटिमीटर. रेषा जास्तीत जास्त १२ सेंटिमीटर रुंद असते आणि दोन्ही खांबांची जाडीही तेवढीच असावी लागते. आता चेंडू जमिनीला टेकतो तो एका बिंदूवर, आणि त्या बिंदूच्या चारी बाजूंना त्याचा फुगवटा ११ सेंटिमीटर पसरलेला असतो. त्यामुळे चेंडू रेषेच्या पलीकडे, हिरव्या गवतावर टेकलेला असतानाही, वरून पाहिल्यास त्याचा थोडा भाग रेषेवर झुकलेला असू शकतो. टेकण्याचा बिंदू रेषेपासून १० सेंटिमीटर आत असला तरी गोल होत नाही. १२ सेंटिमीटर असला तर होतो. “अरे, चेंडू आणि रेषेच्या मध्ये गवत दिसत होतं!” हा पुरावा म्हणूनच पुरेसा नाही. गवत दिसले आणि तरीही गोल नव्हता, असे होऊ शकते.

आता वेग लक्षात घ्या. जोरकस फटका ताशी ९० किलोमीटरने सहज जातो, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. सेकंदाला २५ चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या दोन चित्रांमध्ये तो चेंडू एक मीटर सरकलेला असतो. दांड्याला लागून आत टप्पा पडून बाहेर येणाऱ्या चेंडूचा रेषेपलीकडचा सगळा मुक्काम दोन चित्रांच्या मधल्या फटीत संपू शकतो. माणसाच्या डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

आणि तो पाहणारा माणूस उभा कुठे असतो? टचलाईनवर झेंडा घेऊन धावणाऱ्या सहायक रेफ्रीला बचाव करणाऱ्या संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या रेषेत राहायचे असते, कारण ऑफसाईड तिथूनच कळतो. कोणी तीस मीटरवरून अचानक फटका मारला, तर बचावफळी गोलपासून बरीच पुढे असते आणि तिच्यासोबत सहायकही. गोलरेषेचा निवाडा त्याला तिरप्या कोनातून करावा लागतो. बाजूने पाहिले की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मिनिटभर पुढे किंवा मागे दिसतो, तसेच हे. लांबून मारलेल्या फटक्यांवरच असे ‘न दिलेले गोल’ जास्त का होतात, याचे उत्तर या उभे राहण्याच्या जागेत आहे. दुकुरेचा फटका असाच लांबचा होता. त्या स्पर्धेत गोलरेषेवर लक्ष ठेवणारे तंत्र नव्हते.

शिट्टी धरणारा कान

ऑफसाईडच्या चुकांबाबत नेदरलँड्समधील संशोधक राऊल औडेयान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०००मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात असाच मुद्दा मांडला होता. ऑफसाईडच्या बऱ्याच चुका बेफिकिरीतून होत नाहीत. सहायक रेफ्री बचावपटूच्या रेषेपासून थोडा जरी पुढेमागे उभा असला, तरी त्याच्या डोळ्यावर पडणारे चित्रच चुकीचे असते. तो जे दिसले ते प्रामाणिकपणे सांगतो. पण दिसलेच वेगळे.

डोळ्याइतकाच कानही फसवतो. इंग्लंडमध्ये ॲलन नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४० पात्रताधारक रेफ्रींना लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावरील एका सामन्यातील टॅकल दाखवले आणि फाउल आहे की नाही ते विचारले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह चित्रफीत दाखवली, बाकीच्यांना मुक्याने. आवाज ऐकणाऱ्या रेफ्रींनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. कोणी दमदाटी केली नव्हती, कोणी पाकीट दिले नव्हते. फक्त लोक ओरडत होते.

स्पेनच्या साखळी स्पर्धेवरील एका अभ्यासातही हेच दिसले. यजमान संघ एका गोलने मागे असेल तर रेफ्री शेवटी जास्त वेळ वाढवून देत. एका गोलने पुढे असेल तर कमी. समोर हजारो यजमान समर्थक बसलेले असतात आणि माणूस नकळत त्यांना सुखावेल असे वागतो. तेव्हा पाहुण्या संघाचे चाहते “आम्हाला तिथे न्याय मिळत नाही” म्हणतात, त्यात तथ्याचा अंश आहे. हा कल मोजता येतो. मात्र तो कट नसतो, मनुष्यस्वभाव असतो. आणि हाच कल आपल्या घरच्या मैदानावर आपल्याही पदरात पडत असतो, ते मात्र आपण कधी मोजत नाही.

चाहत्याचा डोळा

रेफ्रीच्या डोळ्याबद्दल एवढे बोललो, आता आपल्या डोळ्याबद्दल.

नोव्हेंबर १९५१मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांत अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला. खेळ वेगळा, पण गोष्ट आपलीच. सामना धसमुसळा झाला. प्रिन्स्टनच्या सर्वोत्तम खेळाडूचे नाक मोडले, डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. दोन्हीकडची विद्यार्थी-वृत्तपत्रे एकमेकांवर तुटून पडली. ॲल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्ही विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना त्या सामन्याची एकच फिल्म दाखवली आणि दिसलेले नियमभंग टिपायला सांगितले. डार्टमथच्या खेळाडूंनी केलेले नियमभंग डार्टमथच्या विद्यार्थ्यांना सरासरी ४.३ दिसले, प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना ९.८. फिल्म तीच, पडदा तोच, आकडा दुपटीहून अधिक.

१९५४मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून त्यांनी काढलेला निष्कर्ष आजही अभ्यासला जातो: दोन्ही बाजूंनी खोटे बोलण्याचा प्रश्नच नव्हता, प्रत्येकाने आपापला सामना पाहिला होता. आपण आधी पाहतो आणि मग बाजू घेतो, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात बाजू आधी घेतलेली असते, डोळा नंतर उघडतो.

मोबाईलवरचा हळू केलेला तुकडाही आपण समजतो तितका निष्पक्ष नाही. रेफ्रींवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की तोच टॅकल संथ गतीने पाहिल्यावर शिक्षा अधिक कडक दिली जाते. संथ चित्रात खेळाडूला विचार करायला भरपूर वेळ होता असा भास होतो, त्यामुळे धडक मुद्दाम वाटते. प्रत्यक्षात ती निमिषात झालेली असते. चेंडू कुठे लागला हे संथ चित्र चांगले सांगते. मनात काय होते ते सांगत नाही.

चार वेगळे प्रश्न

हरल्यावरच्या वादात बहुतेक वेळा चार प्रश्न एकाच भांड्यात शिजतात. ते सुटे केले, तर निम्मे भांडण तिथेच मिटते.

पहिला प्रश्न घटनेचा. जे झाले म्हणतात, ते झाले का? याचे अलीकडचे सर्वांत झोंबणारे उदाहरण ११ जून २०२४चे आहे. दोह्यात विश्वचषक पात्रता सामन्यात भारत कतारविरुद्ध खेळत होता. मुंबई सिटीच्या लालियानझुआला छांगतेने ३७व्या मिनिटाला गोल करून भारताला आघाडी मिळवून दिली. ७३व्या मिनिटाला कतारच्या फ्री-किकवर एक हेडर आला, कर्णधार गुरप्रीतसिंग संधूने तो अडवला आणि चेंडू घसरत गोलरेषेबाहेर गेला. भारतीय बचावपटू थबकले. तेवढ्यात कतारच्या खेळाडूने बाहेर गेलेला चेंडू पायाने आत ओढला आणि युसुफ आयमनने तो जाळ्यात ढकलला. चेंडूला शेवटचा स्पर्श गोलकीपरचा होता, म्हणजे नियमाने कॉर्नर. दिला गेला गोल. ८५व्या मिनिटाला कतारने दुसरा गोल केला आणि भारत १-२ने हरला. जिंकला असता, तर पात्रतेच्या तिसऱ्या टप्प्यात गेला असता. हा सामना ज्या टप्प्यातला होता, त्यात व्हिडिओ मदतीची सोय नव्हती. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने तक्रार केली, तरीही निकाल कायम राहिला. ही चूक घटनेची होती आणि ती चित्रात स्पष्ट दिसते. इथे भारतीय चाहत्याचे दुःख आणि सत्य एकाच बाजूला उभे आहेत.

मग निकाल बदलला का नाही? कारण खेळाच्या पाचव्या नियमानुसार खेळातील घटनांवर रेफ्रीने दिलेला निर्णय अंतिम असतो आणि खेळ पुन्हा सुरू झाला, की तो निर्णय रेफ्रीलाही फिरवता येत नाही. हे कठोर वाटते. पण हा नियम नसेल, तर प्रत्येक रविवारचा निकाल बुधवारी कार्यालयात लागेल आणि कोणत्याही संघाला विजयाचा आनंद त्याच संध्याकाळी घेता येणार नाही.

दुसरा प्रश्न नियमाचा. घटना सर्वांना मान्य, पण नियम काय म्हणतो? ३ मार्च २०२३ रोजी बंगळूरच्या श्री कंठीरवा स्टेडियमवर इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीत बंगळूर एफसी आणि केरळ ब्लास्टर्स समोरासमोर होते. निर्धारित वेळेत गोल नाही. अतिरिक्त वेळेत बंगळूरला फ्री-किक मिळाली. केरळचे खेळाडू भिंत उभी करण्याच्या गडबडीत असताना सुनील छेत्रीने चेंडू रिकाम्या जाळ्यात टाकला. रेफ्री क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला. केरळचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी खेळाडूंना मैदानाबाहेर बोलावले, संघ परतलाच नाही आणि बंगळूर १-०ने विजयी ठरले.

इथे चेंडू जाळ्यात गेला यावर कोणाचाच वाद नाही. नियम सांगतो, की फ्री-किक घेणाऱ्या संघाला थांबण्याची सक्ती नाही, समोरचे ९.१५ मीटर अंतरावर नसतानाही तो झटपट खेळू शकतो. पण रेफ्रीने स्वतः मध्ये पडून भिंत मागे सरकवायला घेतली, की मग शिट्टीची वाट पाहावी लागते. त्यामुळे केरळ आणि बंगळूरच्या चाहत्यांतला खरा वाद एवढाच उरतो: रेफ्री मध्ये पडले होते की नव्हते? वाद एवढा अचूक करता आला, की त्यात बोलण्यासारखे काही राहते. केरळच्या पदरी मात्र सामना सोडल्याबद्दल चार कोटी रुपयांचा दंड पडला, प्रशिक्षकावर दहा सामन्यांची बंदी आली. तक्रारीत दम असो वा नसो, मैदान सोडणे हा मार्ग फुटबॉलने कायम बंद ठेवला आहे.

तिसरा प्रश्न तारतम्याचा. हा फाउल होता, पण पिवळे कार्ड की लाल? हात चेंडूला लागला, पण हाताची ती जागा स्वाभाविक होती का? इथे नियमच रेफ्रीच्या समजुतीवर सोपवतो. दोन उत्तम रेफ्री दोन उत्तरे देऊ शकतात आणि दोघेही नियमात असतात. अंधेरीत २० डिसेंबर २०२३ रोजी मुंबई सिटीने मोहन बागानला २-१ने हरवले, तेव्हा दोन्ही संघांची मिळून सात लाल कार्डे निघाली. त्या सातांपैकी कोणते योग्य, कोणते जास्त, यावर दोन जाणकारांचे एकमत होणे अवघड. अशा ठिकाणी “मला पटले नाही” हे वाक्य बरोबर आहे. “चूक केली” हे वाक्य धाडसाचे आहे.

चौथा प्रश्न हेतूचा. मुद्दाम केले का? पैसे घेतले का? फुटबॉलच्या इतिहासात विकले गेलेले रेफ्री आहेत. जर्मनीत २००५मध्ये रॉबर्ट हॉयझर या रेफ्रीने सट्टेबाजांसाठी सामने फिरवल्याचे उघड झाले आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. पण तो गुन्हा साक्षीपुराव्याने सिद्ध झाला. पहिल्या तीन प्रश्नांचे उत्तर आपल्या बाजूने आले, म्हणून चौथ्याचे उत्तर आपोआप मिळत नाही. चूक दिसली म्हणजे लबाडी सिद्ध झाली, ही उडी चाहत्यांच्या वादातली सर्वांत महागडी उडी आहे.

तक्रारीने बदललेला खेळ

आता दुसरी बाजू. चाहत्यांची आणि संघांची तक्रार नसती, तर फुटबॉल आजचा फुटबॉल झाला नसता.

१८६३मध्ये इंग्लंडमध्ये फुटबॉल असोसिएशनने पहिले नियम लिहिले, त्यांत रेफ्री नव्हताच. सभ्य माणसे आपसात मिटवतील, असा समज होता. पुढे प्रत्येक संघाचा एक पंच आला. ते दोघे आपापल्या संघाच्या बाजूने झुकू लागले, तेव्हा त्यांचे भांडण सोडवायला मैदानाबाहेर तिसरा माणूस बसवला गेला. १८९१मध्ये त्या तिसऱ्या माणसाला मैदानात आणून सर्वाधिकार दिले आणि दोन पंचांना रेषेवर पाठवले. त्याच वर्षी पेनल्टी-किकही आली. रेफ्री हे पदच मुळात न मिटणाऱ्या भांडणांतून जन्मले.

१९६६च्या विश्वचषक अंतिम सामन्यात इंग्लंडच्या जेफ हर्स्टचा फटका दांड्याला लागून खाली आला. सोव्हिएत संघाच्या तोफिक बहरामोव्ह या लाईन्समनने गोल असल्याचे सांगितले आणि पश्चिम जर्मनीचे चाहते त्यावर पुढची कित्येक दशके वाद घालत राहिले. २७ जून २०१० रोजी दक्षिण आफ्रिकेत बाजू उलटली. इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डचा फटका जर्मनीच्या गोलमध्ये रेषेच्या चांगलाच आत पडला, पण गोल मिळाला नाही. जगभर इतका गदारोळ झाला, की तंत्रज्ञानाला दारात उभे न करणाऱ्या फिफाला भूमिका बदलावी लागली. जुलै २०१२मध्ये नियम ठरवणाऱ्या मंडळाने गोलरेषा तंत्राला मान्यता दिली आणि २०१४च्या विश्वचषकात ते वापरले गेले. २०१८च्या विश्वचषकात व्हिडिओ सहायक रेफ्री, म्हणजे व्हीएआर आला.

सुरुवातीला व्हीएआरचे अधिकार मर्यादित होते. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिलेले कार्ड, या चारच बाबतींत तो बोलत असे आणि तेही चूक ढळढळीत असेल तरच. नेरुळचे तेच स्टेडियम या बदलाचे साक्षीदार आहे. २०२२मध्ये तिथे महिलांच्या आशिया चषकाचा अंतिम सामना झाला. त्या स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीपासून व्हीएआर होता. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना तिथेच झाला, स्पेनने कोलंबियाला १-०ने हरवले आणि त्याही स्पर्धेत व्हीएआर होता. दुकुरेच्या फटक्याला नुकतीच पाच वर्षे झाली होती. मालीच्या मुलांना जे मिळाले नाही, ते त्याच गवतावर पुढच्या मुलींना मिळाले.

तरीही यंत्राने वाद संपवला नाही. १७ जून २०२० रोजी इंग्लंडमध्ये ॲस्टन व्हिला आणि शेफिल्ड युनायटेडच्या सामन्यात गोलकीपर चेंडूसकट आत गेला, पण खेळाडू आणि खांब आड आल्याने गोलरेषा तंत्राच्या कॅमेऱ्यांना चेंडू दिसलाच नाही. सामना ०-० सुटला आणि व्हिला त्या हंगामात एका गुणाने खालच्या विभागात जाण्यापासून वाचला. ३० सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस डियाझचा वैध गोल मैदानावर ऑफसाईड ठरला. व्हीएआर कक्षातल्या माणसाने तो ऑनसाईड असल्याचे नीट ओळखले, पण मैदानावर गोल दिला गेला आहे अशा समजुतीत “तपासणी पूर्ण” असे कळवले. चूक लक्षात येईपर्यंत खेळ सुरू झाला होता आणि तोच पाचवा नियम आड आला. यंत्र असो वा नसो, शेवटच्या टोकाला माणूसच बसलेला असतो.

तालुक्याच्या मैदानावर

हे सगळे मोठ्या मैदानांचे झाले. पनवेल तालुक्यात, खारघर-कामोठ्याच्या टर्फवर, शाळेच्या पटांगणावर किंवा गावच्या चषक स्पर्धेत व्हीएआर येणार नाही. भारताच्या सर्वोच्च साखळीतही तो अनेक हंगाम नव्हता. आपल्याकडे रेफ्री म्हणजे एक शिट्टी, एक घड्याळ, दोन कार्डे आणि स्वतःचे दोन डोळे. कित्येकदा लाईन्समनही दोन्ही संघांच्या राखीव खेळाडूंतूनच उभे केलेले असतात.

अशा ठिकाणी चाहत्यांचे वागणे हीच खेळाची सुरक्षा असते. कोल्हापूरकडे पाहा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब असे पेठापेठांचे संघ, भरलेले शाहू स्टेडियम आणि पिढ्यान्‌पिढ्यांची ईर्षा. सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच शहराचा. त्या प्रेमाला तोड नाही. पण त्याच स्टेडियमवर पोलिस बंदोबस्ताशिवाय मोठा सामना होत नाही, हेही खरे आहे. पेठेची ईर्षा रेफ्रीच्या अंगावर गेली, की नुकसान पेठेचेच होते.

जगाचे अनुभव याहून भयंकर आहेत. डिसेंबर २०१२मध्ये नेदरलँड्समधील अल्मेरे इथे मुलांच्या सामन्यात हौसेने झेंडा धरलेल्या एका पालकाला खेळाडूंनी मारहाण केली आणि तो मरण पावला. ११ डिसेंबर २०२३ रोजी तुर्कस्तानात बरोबरीत सुटलेल्या सामन्यानंतर अंकारागुजू क्लबचे अध्यक्ष मैदानात धावले आणि त्यांनी रेफ्री हलील उमुत मेलेर यांना ठोसा मारून खाली पाडले; देशातली साखळी स्पर्धा थांबवावी लागली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हौशी सामन्यांच्या रेफ्रींच्या छातीवर कॅमेरे लावून पाहण्याचा प्रयोग सुरू झाला, कारण शिवीगाळीला कंटाळून लोक हे काम सोडत होते. रेफ्री नसेल तर सामना होत नाही, एवढी साधी गोष्ट तिथल्या मैदानांना या वळणावर शिकावी लागली.

आपल्या जवळचे एक आश्वासक उदाहरण गोव्याचे आहे. उवेना फर्नांडिस या गोव्याच्या सहायक रेफ्रीने २०१६मध्ये जॉर्डनमधील सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात काम केले. एखाद्या गावच्या मैदानावर झेंडा हाती धरणारी मुलगी तिथपर्यंत पोहोचते, ती तिच्या पहिल्या चुकांना आसपासच्या लोकांनी सांभाळून घेतले तरच. पहिल्याच मोसमात आईबहिणीवरून शिव्या खाल्लेला सोळा वर्षांचा मुलगा दुसऱ्या मोसमात शिट्टी हातात घेत नाही.

म्हणून पनवेल-कोनच्या चाहत्यांना आणि स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना माझे सांगणे स्पष्ट आहे. वाद घाला, पण चार प्रश्न सुटे करून घाला: काय झाले, नियम काय, तारतम्य किती, आणि हेतूचा पुरावा आहे का. नियमांचे पुस्तक फुकट मिळते. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही संघांच्या कर्णधारांना बसवून फ्री-किक, हँडबॉल आणि ऑफसाईड हे तीन नियम रेफ्रीकडून समजावून घेता येतात. तक्रार लेखी, कर्णधारानेच आणि सामना संपल्यावर द्यावी, असे स्पर्धेच्या पत्रकावरच छापता येते. गोलच्या बाजूला, रेषेच्या टोकाशी एखादा स्वयंसेवक फक्त गोलरेषेवर नजर ठेवायला उभा करता येतो. त्याला एक रुपयाही लागत नाही आणि दुकुरेच्या बाबतीत झाली तशी चूक टळू शकते. वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनसारख्या संस्थेकडून गावातल्या दोन तरुणांना रेफ्रीचे रीतसर प्रशिक्षण मिळवून देणे, हे नव्या जर्सींच्या संचापेक्षा जास्त उपयोगाचे आहे. खारघरला सिडकोने फुटबॉलसाठी चांगली मैदाने उभारली आहेत. तिथे खेळणाऱ्या मुलांइतकीच शिट्टी धरणारी मुलेही लागतील.

मालीची तक्रार खरी होती. भारताची दोह्यातली तक्रारही खरी होती. अशा खऱ्या तक्रारी ऐकल्या जाव्यात असे वाटत असेल, तर खोट्या तक्रारींचा गलका आपणच कमी केला पाहिजे. प्रत्येक पराभवानंतर रेफ्रीला चोर म्हणणाऱ्या चाहत्याचे म्हणणे तो खरोखर नाडला जातो त्या दिवशी कोणी ऐकत नाही. आणि ज्याने आपल्या बाजूने झालेली रेफ्रीची चूक एकदा तरी उघड मान्य केली आहे, त्याच्या तक्रारीला समोरचा संघही मान देतो.